दोऱ्याचं क्रोशा: रुमाल करायला घेतला, वाटी झाली

रानजाई
नमस्कार मंडळी. लोकरीचं क्रोशा दोन वर्षं करते आहे. सगळं व्हिडिओ बघूनच शिकले. मफलर, भाचीची टोपी, चहाच्या किटलीचं पांघरूण, इथवर मजल आहे. मागच्या महिन्यात आईचं कपाट आवरताना आजीच्या काळातली एक इंग्रजी पुस्तिका सापडली. पानं पिवळी, मुखपृष्ठ गायब. तिच्यात पेल्यावर टाकायचं मणी लावलेलं झाकण आहे. लहानपणी आमच्याकडे पाहुण्यांना पाणी द्यायच्या ट्रेमध्ये असायचं, अगदी तसंच. म्हटलं, करून बघू.

तुळशीबागेतून २० नंबरचा पांढरा दोरा आणि १.२५ मिमीची स्टीलची सुई आणली. दुकानदारकाकांनी आधी "रुखवत का?" विचारलं. नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले.

आता रडगाणं. एक, दोरा बोटांवरून सुळकन निसटतो, लोकरीसारखा धरून राहत नाही. दोन, टाका कुठला आणि भोक कुठलं ते दिसत नाही. तीन, आणि हे मुख्य, गोल सपाट येतच नाही. चौथ्या फेरीपासून कडा वर उचलतात आणि सरळ वाटी होते. तीनदा उसवलं. दोऱ्याला आता लव सुटली आहे. पुस्तिकेत लिहिलंय तेवढेच टाके घालते, मोजून. माझं काय चुकतंय?

खडीसाखर
हाहा, वाटी! माझ्या पहिल्या रुमालात आम्ही अजून लसूण ठेवतो.

दोराबाई
रानजाई, पहिली चूक दुकानातच झाली. लोकरीवरून थेट २० नंबरवर उडी मारू नका. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. म्हणजे १० जाड, २० मध्यम, ४० बारीक, आणि ८० म्हणजे शिवणाच्या दोऱ्याचा भाऊ. स्टीलच्या सुईवर मिमी न लिहिता नुसता नंबर असेल तर तिथेही हाच उलटा न्याय, नंबर मोठा की टोक बारीक. पण कंपनीगणिक नंबर थोडे इकडेतिकडे असतात, म्हणून मिमी बघूनच घ्यावी.

आधी ४ प्लायचं निटिंग कॉटन घ्या आणि २ ते २.५ मिमीची सुई. त्यावर दोनचार गोल सपाट आले की १० नंबरचा दोरा आणि दीड किंवा पावणेदोन मिमीची सुई. मग २०. काळा, गडद निळा असले रंग वर्षभर लांब ठेवा. फिकट गुलाबी किंवा पिस्ता सगळ्यांत बरा. पांढऱ्यावरही रात्रीच्या दिव्यात डोळे फुटतात. मांडीवर गडद रंगाचं फडकं पसरून विणलंत तर भोकं स्पष्ट दिसतात.

मोगरा७२
दोराबाईंशी असहमत. मला सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ४० नंबरचा दोरा हातात दिला होता. जाड दोऱ्यावर शिकलं की हाताला सैल विणायची सवय लागते, ती पुढे जात नाही. आठ दिवस त्रास होतो, नवव्या दिवशी बोटं शहाणी होतात.

दोराबाई
मोगराताई, तुमच्या शेजारी सासूबाई बसलेल्या होत्या. हिच्या शेजारी मोबाईल आहे. चूक झाली की तिथल्या तिथे बोट ठेवून दाखवणारं कुणी असेल तर ४० काय ६० वर शिका. एकट्याने शिकताना आपला टाका आपल्याला वाचता आला पाहिजे. जाड दोऱ्यात तो वाचता येतो, म्हणून जाड दोरा. हाताच्या सवयीचा मुद्दा मान्य आहे, पण ती सवय मोडता येते.

मोगरा७२
बरं बाई. सासूबाई शेजारी होत्या हे मात्र खरं, आणि बोट नव्हे, सुईच टोचायच्या.

पाटाचं_पाणी
विणकामातलं मला ओ की ठो कळत नाही. हिच्यामुळे घरात दोऱ्याची गुंडी सोफ्याखाली शोधणे एवढाच माझा संबंध. पण नोकरी कापडाच्या प्रोसेसिंगमधली असल्यामुळे 'दोरा निसटतो' याचं कारण सांगू शकतो.

हा दोरा मर्सराइज्ड असतो. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने १८४४ च्या सुमारास सुती कापड कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात बुडवून पाहिलं. धागा फुगला, मजबूत झाला, रंगही चांगला धरू लागला. पण आटलाही, म्हणून गिरणीवाल्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे १८९० मध्ये होरेस लोव्हने तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली. त्याने आटणं थांबलं आणि वर रेशमासारखी चकाकी आली. कापसाचा तंतू मुळात पिळलेल्या चपट्या फितीसारखा असतो, तो या प्रक्रियेत फुगून गोल आणि गुळगुळीत होतो. गुळगुळीत म्हणूनच चमकतो, आणि गुळगुळीत म्हणूनच बोटांवरून पळतो. लोकरीला खवले असतात, ती बोटाला धरते. त्यामुळे दोष तुमच्या बोटांचा नाही.

रानजाई
पाटाचं_पाणी, धन्यवाद, निदान एक गुन्हा माफ झाला. पण मग पळणाऱ्या दोऱ्याला धरायचं कसं?

दोराबाई
करंगळीला एक पूर्ण वेढा, मग अनामिका आणि मधल्या बोटाखालून घेऊन तर्जनीवरून वर. लोकरीला नुसतं तर्जनीवरून घेतलं तरी चालतं, इथे करंगळीचा वेढा हवाच. तरी पळाला तर करंगळीला दोन वेढे. अंगठा आणि मधल्या बोटाने काम पकडायचं आणि ते सुईच्या अगदी जवळ पकडायचं, दर तीनचार टाक्यांनी चिमूट पुढे सरकवत राहायची. नवशिक्यांचं निम्मं दुखणं हेच असतं, चिमूट मागे राहते आणि टाका लोंबतो.

दुसरं म्हणजे सुईचा गळा. टोकाजवळ निमुळता भाग असतो, त्यामागे सरळ दांडा. टाका दांड्यावर नेऊन मापायचा. निमुळत्या भागावरच विणत राहिलं की टाके चिणले जातात आणि पुढच्या फेरीत सुई शिरत नाही.

खडीसाखर
गुंडी सोफ्याखाली जाण्यावर उपाय आहे. जुन्या किटलीत गुंडी ठेवायची आणि चोचीतून दोरा बाहेर काढायचा. मांजरही नाद सोडतं.

सोनचाफा_फोंडा
हात दुखणाऱ्यांसाठी एक. स्टीलची सुई पेन्सिलीइतकीही जाड नसते, आवळून धरली की अंगठ्याचं मूळ भरून येतं. शाळेतल्या मुलांच्या पेन्सिलीला लावायचं रबरी ग्रिप मिळतं ना, ते सुईवर चढवा. तासाभराने उठायचं. माझी आई घड्याळात गजर लावून बसते. आमच्या आळीतल्या ख्रिश्चन शेजारणी घरातल्या वेदीवरच्या कापडाला हाताने क्रोशाची लेस लावतात. वीतभर रुंद आणि दोन्ही बाजूंना लोंबणारी. त्यांतल्या एकीकडून आई शिकली. ती म्हणते, पाठ सरळ आणि उजेड डाव्या खांद्यावरून, बाकी सगळं नंतर.

डावखुरी
उजेड उजव्या खांद्यावरून, आमच्यासाठी! मीही शिकते आहे. व्हिडिओ आरशासारखे उलटे करून बघावे लागतात. काही सोपा मार्ग?

दोराबाई
आकृतीवरून विणा. आकृती डावीउजवी ओळखत नाही. गोल कामात तर तुम्ही फक्त उलट दिशेने फिराल, रुमाल तोच येईल.

अर्धा_खांब
उशिरा आले. न्यू जर्सीत आत्ता सकाळ झाली.

सगळ्यांनी छान उपाय सांगितले, पण वाटीचं उत्तर कुणीच दिलं नाही. रानजाई, तीन प्रश्न. पुस्तिकेत दर फेरीला किती टाके वाढवायला सांगितलेत? टाक्याचं नाव काय लिहिलंय? आणि पूर्ण पुस्तिकेत कुठेही 'सिंगल क्रोशे' हा शब्द आहे का?

रानजाई
दर फेरीला ६. टाका 'डबल क्रोशे'. म्हणजे आपला खांब ना? तोच घालते आहे, सुईवर एक वेढा घेऊन. सिंगल क्रोशे... आत्ता सगळी पानं चाळली. नाही, एकदाही नाही. ट्रेबल आहे, हाफ ट्रेबल आहे. का?

अर्धा_खांब
सापडला चोर.

तुमची पुस्तिका ब्रिटिश पद्धतीची आहे आणि तुम्ही व्हिडिओंवरून अमेरिकन पद्धत शिकलात. दोन्हीकडे नावं तीच, टाके वेगळे. ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे, आपला मुका खांब, सुईवर वेढा न घेता घातलेला बुटका टाका. ब्रिटिश ट्रेबल म्हणजे अमेरिकन डबल, आपला खांब. सगळं एकेक पायरी सरकलेलं. ओळखायची खूण एकच, ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे हे नाव सहसा नसतं. तो शब्द दिसला की नमुना बहुधा अमेरिकन. मी इथल्या लायब्ररीच्या विणकाम मंडळात पहिल्यांदा गेले तेव्हा याच्या बरोबर उलट घोळ घातला होता. आईकडून शिकलेली, त्यामुळे डबल म्हटलं की मुका खांब. सगळ्यांचा कोस्टर झाला आणि माझी झालर.

आता वाटी का झाली ते. मुका खांब जितका रुंद, जवळजवळ तितकाच उंच असतो. एक फेरी घातली की गोलाची त्रिज्या एका टाक्याने वाढते, म्हणजे परीघ २π (गणितातला पाय), साधारण सव्वासहा टाक्यांनी वाढायला हवा. म्हणून मुक्या खांबाला दर फेरी ६. खांब त्याच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून तिथे दर फेरी १२. तुम्ही उंची खांबाची घेतलीत आणि वाढ मुक्या खांबाची. परिघाला टाके कमी पडले, कड आवळली, वाटी झाली. उलट झालं असतं, म्हणजे वाढ जास्त झाली असती, तर झालर पडली असती.

रानजाई
अरे देवा. तीनदा उसवलं मी! आणि मोजत काय बसले होते, तर बरोबर मोजलेले चुकीचे टाके.

पाटाचं_पाणी
पाय ची किंमत आमच्या सोफ्यावर वापरली जाते आहे हे आज कळलं.

मोगरा७२
अर्धा_खांब, चाळीस वर्षं विणते आहे. बारा वाढवायचे हे माहीत होतं, बाराच का हे आज कळलं. सासूबाईंना विचारलं असतं तर सुई टोचली असती.

अर्धा_खांब
रानजाई, हे झाकण खांबांचंच करा, लवकर होईल. ६ साखळ्यांचं कडं करा, पहिल्या साखळीत जोडून. व्हिडिओत दाखवतात ती दोऱ्याच्या वेढ्याची सुरुवात या गुळगुळीत दोऱ्यात नंतर सैल पडते, मी टाळते. मग ३ साखळ्या, हा पहिला खांब. आणखी ११ खांब कड्यात. झाले १२. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, २४. तिसरीत एकाआड एक दोन, ३६. चौथीत दोन सोडून तिसऱ्यात दोन, ४८. पुढे असंच. वाढ दर फेरीला त्याच जागी आली तर गोलाला कोपरे पडतात, म्हणून दोनतीन फेऱ्यांनी जागा थोडी हलवा. आणि ती सुरुवातीची ३ साखळ्यांची काडी खांब म्हणून मोजायला विसरू नका. फेरीगणिक एक टाका गायब होतो तो तिथेच.

खडीसाखर
आणि आकृतीतली चिन्हं? मला नेहमी सुतारकामाचा नकाशा वाटतो.

अर्धा_खांब
सोपं आहे. लंबगोल म्हणजे साखळी. फुली किंवा अधिक म्हणजे मुका खांब. इंग्रजी टी म्हणजे अर्धा खांब. टी ला एक तिरकी रेघ की खांब, दोन रेघा की दुहेरी खांब. अर्धा खांब सोडला तर जितके वेढे सुईवर, तितक्या रेघा. ब्रिटिश-अमेरिकन भांडण आकृतीत नाहीच. म्हणून दोराबाई म्हणतात तसं, आकृती वाचायला शिका. जपानी पुस्तकातलंही विणता येतं, एक अक्षर न कळता.

दोराबाई
गोल नको असेल त्यांनी चौकड्यांच्या जाळीने सुरुवात करावी. एक मोकळी चौकट म्हणजे एक खांब आणि दोन साखळ्या. भरीव चौकटीत साखळ्यांच्या जागी दोन खांब. बस, एवढ्यावर मोर, कमळ, स्वस्तिक, नावाची अक्षरं, सगळी तोरणं होतात. १० चौकटींची पट्टी हवी तर ३५ साखळ्या घाला, दर चौकटीला ३ आणि वर ५. पहिला खांब सुईपासून आठव्या साखळीत. मग दोन साखळ्या, खाली दोन सोडून पुढच्या साखळीत खांब, असं शेवटपर्यंत. गणिताच्या वहीच्या चौकटीत पेन्सिलीने चित्र काढा, झाला नमुना. सुरुवातीची साखळी मात्र एक माप मोठ्या सुईने घाला. नाहीतर खालची कड आवळते आणि तोरण पंख्यासारखं पसरतं.

गोदाकाठ
हैदराबादहून. क्रोशा म्हटलं की आमच्याकडे नरसापूर. पश्चिम गोदावरी जिल्ह्यात, गोदावरीच्या मुखाजवळ. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना शिकवलं, आणि मग गावंच्या गावं बारीक दोऱ्यावर विणायला लागली. माल परदेशी जातो. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे बायका ओसरीवर बसून बोलत बोलत विणतात, हाताकडे बघतही नाहीत. मजुरी मात्र नगावर आणि अगदी तुटपुंजी. मधले दलाल कमावतात. आपण छंद म्हणून एका झाकणाचं कौतुक करतो तेव्हा ते डोक्यात येतंच.

पाटाचं_पाणी
भाबडा प्रश्न. मशीनवर का करत नाहीत मग?

गोदाकाठ
बाजारात मीटरवर मिळणारी 'क्रोशा लेस' मशीनचीच असते, पण ती वेगळ्या विणीची, दिसायला तशी. खऱ्या क्रोशात प्रत्येक टाका पुरा करूनच पुढचा सुरू होतो, आणि सुई कुठेही शिरू शकते, मागच्या फेरीत, दोन खांबांच्या मध्ये, खालच्या साखळीत. हे जसंच्या तसं करणारं यंत्र कारखान्यांत आलेलं नाही.

सोनचाफा_फोंडा
रानजाई, झाल्यावर खळ विसरू नका. दोऱ्याचं काम विणून झाल्यावर मळक्या फडक्यासारखं दिसतं, खरं रूप धुऊन ताणल्यावर. साबुदाण्याची पातळ खळ, गाळून. त्यात बुडवायचं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबायचं. मग उशीवर पांढरं फडकं घालून, गंज न चढणाऱ्या टाचण्यांनी सगळीकडून सारखं ताणून वाळवायचं. साध्या टाचण्या लावल्यात तर गंजाचे तपकिरी ठिपके जन्मभर. इस्त्री उलट्या बाजूने, खाली टॉवेल घालून. आणि खळ दिलेलं काम कपाटात वर्षभर ठेवू नका, कसर लागते. ठेवायचं तर धुऊन, बिनखळीचं.

मोगरा७२
साबुदाण्याची खळ +१. भाताच्या पेजेने पिवळट झाक येते. रंगीत दोरा असेल तर आधी वीतभर तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यावर ठेवून बघा. लाल फार दगा देतो.

रानजाई
दोन आठवड्यांनी आले. बातमी.

दोराबाईंचं ऐकून निटिंग कॉटनवर तीन गोल केले. पहिला किंचित झालर, दुसरा आणि तिसरा सपाट! मग मोगराताईंचा मान राखून १० नंबर वगळला आणि थेट २० वर आले. आठ फेऱ्या, ९६ खांब, व्यास साडेसात सेंटीमीटर. आमच्या स्टीलच्या पेल्याचं तोंड पुरतं झाकतं. आता कड. पुस्तिकेत मणी आहेत, पण ते दोऱ्यात आधी ओवून घ्या असं लिहिलंय. आधी म्हणजे कधी? सुरुवातीपासून मणी ढकलत विणायचं?

अर्धा_खांब
नाही नाही. गोल पूर्ण करून दोरा कापा, शेवट आतल्या खांबांमधून सुईदोऱ्याच्या सुईने लपवा, गाठ नको. मणी नव्या दोऱ्यात ओवा आणि कडेची फेरी त्या दोऱ्याने सुरू करा. ९६ खांब असतील तर दर ६ खांबांवर एक कमान, १६ कमानी, १६ मणी. मुका खांब, ६ साखळ्या, मणी सुईजवळ आणून त्यामागे साखळी आवळून घाला, पुन्हा ६ साखळ्या, ५ खांब सोडून सहाव्यात मुका खांब. मण्याचं भोक आधी दोऱ्यावर घालून बघा, दुकानात सगळीच भोकं मोठी दिसतात.

रानजाई
झालं! खळ दिली, उशीवर ताणलं, काल पाहुणे आले तेव्हा ट्रेमध्ये ठेवलं. पाहुण्या काकू पाणी प्यायच्या आधी झाकणच उलटसुलट करून बघत बसल्या. आईने पुस्तिका परत मागून घेतली आहे. 'तुझ्याकडे हरवेल' म्हणे, इतकी वर्षं कपाटाच्या तळाशी होती तेव्हा हरवत नव्हती.

एक कबुली. मणी १५ च ओवले होते. सोळाव्या कमानीला पोहोचले तेव्हा कळलं. पुन्हा उसवायची हिंमत नव्हती, ती कमान रिकामीच आहे.

खडीसाखर
कोण मोजतंय. मणी काचेचे की प्लॅस्टिकचे?

रानजाई
काचेचे. आधी प्लॅस्टिकचे आणले होते, पण नुसते पेल्याच्या काठावर लोंबवून बघितले तर पंख्याच्या वाऱ्याने वर उडत होते.